पयता काहून, गुरुजी?

आमच्याकडे धावणाऱ्या माणसाला कारण लागतं. बैल दावं तोडून गेला, मोर्शीची एसटी फाट्यावर दिसली, कुटाराच्या गंजीला आग लागली, शाळेत न सांगता साहेब आले किंवा गावात कुणी गेलं, यातलं काहीएक घडल्याशिवाय वऱ्हाडी माणूस चालीची धाव करत नाही. धावणारा साठी उलटलेला असला, तर यातली पहिली चार कारणं आपोआप बाद होतात. म्हणून पहाटे मी रिद्धपूरच्या शिवारातून धावायला निघालो की दुधाच्या कॅन लावलेली एखादी मोटरसायकल शेजारी येऊन हळू होते आणि दबक्या आवाजात चौकशी होते,

"कोनी गेलं काय, गुरुजी?"

"नाही गा, कोनीच नाही गेलं."

"मंग बैल सुटला काय?"

"बैल तं कवाचेच इकले."

"मंग पयता काहून?"

जिल्हा परिषदेच्या शाळेत हयातभर मी पोरांना 'कारणे द्या' हा प्रश्न घातला. पोरं पेन्सिलीचं टोक चघळत खिडकीबाहेर बघत बसायची आणि मी वरून दरडावायचो. आता तोच प्रश्न रोज पहाटे मला पडतो आणि खिडकीसुद्धा नसते. जी कारणं आहेत ती धावता धावता सांगण्यासारखी नाहीत. शिवाय धावता धावता मला बोलताच येत नाही.

ग्रीसमधल्या ज्या शिपायाच्या नावावर हा सगळा खटाटोप चालतो, त्याच्याकडे कारण होतं. मॅरेथॉनच्या रणात जिंकल्याचा निरोप घेऊन तो अथेन्सपर्यंत धावला, निरोप दिला आणि मेला अशी कथा आहे. आमच्या गावाच्या हिशेबानं ही धाव दोन्ही बाजूंनी चोख: निरोपही होता आणि शेवटी कुणी तरी गेलंही. माझ्याकडे निरोप नाही आणि अजून तरी मी गेलेलो नाही. त्यामुळे माझी केस कच्ची ठरते.

यावर तोडगा आमच्या मंडळींनी काढला. लोकांना उत्तरं देऊन त्या कंटाळल्या होत्या. एके दिवशी विहिरीजवळ बायकांनी विचारलं, तेव्हा पदर सावरत त्या म्हणाल्या, "यायले डॉक्टरनं सांगतलं पयाले." झालं. वऱ्हाडात डॉक्टरनं सांगितलं म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न मिटतात. माणूस अर्ध्या चड्डीत गावभर फिरो, भाकरीऐवजी पालापाचोळा खावो, डॉक्टरच्या नावावर सगळं खपतं. फक्त डॉक्टरनं कशासाठी सांगितलं ते आमच्या मंडळींनी सांगितलं नव्हतं. ते गावानं आपल्या मनानं ठरवलं, आणि गावाला सुचलं ते 'शुगर'.

तेव्हापासून रिद्धपुरात मला गोड चहा मिळालेला नाही. कुणाच्याही ओसरीवर बसलो की आतून आवाज येतो, "गुरुजीचा बिनासाखरेचा!" लग्नाच्या पंगतीत जिलबीचं ताट घेऊन वाढणारा पोरगा माझ्या पत्रावळीपाशी येतो, हात उचलतो, हातातल्या जिलबीचा पाक माझ्या वरणात ठिबकतो आणि तेवढ्यात मांडवाच्या टोकावरून त्याचा बाप मान हलवतो. जिलबी शेजाऱ्याला जाते. मी एकदा रक्ताचा रिपोर्ट खिशात घेऊन फिरलो. साखर बिलकुल बेताची, खाली पॅथॉलॉजिस्टची सही. वाचून एकजण सहानुभूतीनं म्हणाला, "रिपोर्टाचं काय हाय जी, ते चुकते."

दुसरा विषय गुडघ्यांचा. म्हातारा माणूस धावतो म्हटल्यावर ज्यानं शाळेच्या शर्यतीनंतर कधी पाय उचलला नाही तोसुद्धा अस्थितज्ज्ञ होतो. "गुडघे जातीन, गुरुजी." हे सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांचे गुडघे आधीच गेलेले आहेत, दोघांचे तर नागपूरला जाऊन बदलूनही झाले, आणि त्यातला एकही धावत नव्हता. 2017 साली एका वैद्यकीय नियतकालिकात यावर बऱ्याच पाहण्यांचा एकत्र आढावा आला होता. हौशी धावणाऱ्यांत गुडघ्याची किंवा खुब्याची झीज साडेतीन टक्के लोकांत आढळली, बसून राहणाऱ्यांत दहा टक्क्यांहून थोडी जास्त, आणि स्पर्धेसाठी जिवाच्या आकांतानं धावणाऱ्यांत तेरा टक्क्यांच्या वर. हे मी चहाच्या टपरीवर मोठ्या उत्साहानं सांगितलं. थोडा वेळ शांतता पसरली. मग बिडी विझवत एकानं विचारलं, "मंग तुमी हौशीतले का आकांतातले?" माझ्या धावण्याकडे एकवार बघितलं तर हा प्रश्न पडायला नको होता, पण त्यानं तेवढा मान ठेवला.

कारण माझ्या वेगाबद्दल गावाचं मत केव्हाच बनलेलं आहे. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जी अरुंद रुळांची शकुंतला एक्स्प्रेस जायची, तिचं नाव पोरांनी मला दिलंय. एक्स्प्रेस नुसती नावाला. गाडी इतकी निवांत जायची की मधेच उतरून पुन्हा चढल्याच्या गोष्टी जुनी माणसं रंगवून सांगतात. आता मी फाट्याच्या वळणावर दिसलो की टपरीवरून आरोळी येते, "आली रे शकुंतला!" एका पोरानं तर घड्याळ लावून एका टोकाच्या कडुनिंबापासून दुसऱ्या टोकाच्या पुलापर्यंत माझं टायमिंगच घेतलं आणि गंभीरपणे सांगितलं, "गुरुजी, आज तुमी लेट होते." मी काही बोललो नाही. शकुंतला बंद पडली, मी चालू आहे, एवढं मनात म्हणालो आणि पुढे सरकलो.

बुटांचं प्रकरण जरा नाजूक आहे. पुण्याच्या मुलानं पाठवलेल्या जोडीची किंमत मी घरात सांगितली, ती खऱ्या किमतीच्या पुष्कळ अलीकडची होती. तेवढ्यावरच आमच्या मंडळी म्हणाल्या, "एवढ्यात दोन बोकडं आले असते." बुटाचा तळवा फुगीर, रंग पोपटी, आणि आत कसलासा फोम आहे, जो पाय टेकला की पुढे ढकलतो असं खोक्यावर लिहिलेलं होतं. माझ्या बाबतीत तो नुसता टेकू देतो. बेळगावचे फडेप्पा चौगुले 1920 साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले आणि 19वे आले. वेळ 2 तास 50 मिनिटं 45 सेकंद. तिथला मार्ग नेहमीच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरहून जास्त लांब होता आणि त्या काळी फोमही नव्हता. मला फोमसकट याच्या दुप्पट वेळ लागतो. बुटांचा शोध नक्की कुणासाठी लागला, हा विचार धावताना बराच वेळ पुरतो.

एक धाव अशी आहे की जिच्यापुढे माझ्या सगळ्या हौशी धावा मुकाट बसतात. मूळच्या आमच्याच वऱ्हाडातल्या, बुलढाणा जिल्ह्यातल्या लता भगवान करे पोटासाठी बारामतीकडे गेल्या होत्या. 2013 साली नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते, डॉक्टरांनी एमआरआय सांगितला होता. साठी ओलांडलेल्या लताबाई बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात नऊवारी लुगडं खोचून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. बक्षीस पाच हजारांचं. पुढे त्या पुन्हा धावल्या, पुन्हा जिंकल्या, त्यांच्यावर मराठी चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. 'कारणे द्या' या प्रश्नाला याहून पूर्ण उत्तर कुणी लिहिलेलं नाही. मोटरसायकलवाल्यानं मला "पयता काहून" विचारलं की कधी कधी लताबाई डोळ्यांपुढे येतात आणि मी पोपटी बूट पायाखाली लपवता येतात का बघतो.

आता खरं म्हणजे बिनकामाचं फिरणं रिद्धपूरला नवं नाही. हे गाव महानुभावांचं. गोविंदप्रभू इथलेच. तेराव्या शतकात या गावाच्या गल्ल्यांतून ते मनाला येईल तसे फिरत, या घरी शिरत, त्या घरी जेवत, पोरांत खेळत, देवळांत जाऊन काही बोलत, हसत. कुणी त्यांना वेडे म्हणायचे, कुणी देव म्हणून पायांवर डोकं ठेवायचे, आणि एकाच घरात दोन्ही मतांची माणसं असायची. पण "फिरता काहून" असं अडवून कारण मागितल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. चक्रधर तर मैलोगणती पायी हिंडले, आणि शिष्यांनाही अटन सांगून गेले. एका जागी पाय रोवायचा नाही, हिंडत राहायचं. सातशे वर्षांपूर्वी ज्या गावानं एवढं पचवलं, त्या गावाला आता एका निवृत्त मास्तराच्या अर्ध्या चड्डीचं कारण हवंय. हे मी एका वृद्ध महानुभाव बाबांना बोलून दाखवलं. दंडवत प्रणाम करून ते म्हणाले, "गुरुजी, अटन करनारा घड्याय पाहत नाही."

यावर बोलायला जागा उरली नाही, कारण त्याच क्षणी माझं घड्याळ वाजलं होतं.

घड्याळ ही मुलाचीच भेट. ते अंतर मोजतं, ठोके मोजतं, झोप मोजतं आणि मी बसलो असलो तर उठायला सांगतं. घड्याळात एक अंतर, खिशातल्या मोबाइलमध्ये दुसरं. दहा किलोमीटर धावलो असं घड्याळ म्हणतं, तर मोबाइल पाव किलोमीटर कापून घेतो. आणि पाव किलोमीटर म्हणजे या वयात चेष्टा नाही. माझी धावण्याची नोंद त्यामुळे दोन पाठांत उपलब्ध आहे. रिद्धपूरला पाठभेदांचं कौतुक नाही. म्हाइंभटांनी 1278च्या सुमारास लीळाचरित्र इथेच, वाजेश्वरीला बसून सिद्ध केलं. ज्यांनी चक्रधरांना पाहिलं होतं त्यांच्याकडे गावोगाव जाऊन त्यांनी आठवणी गोळा केल्या, पडताळल्या. पुढच्या पोथ्यांतही अमक्याचा पाठ, तमक्याचा पाठ अशा नोंदी सापडतात. मीही डायरीत तसंच लिहितो: घड्याळपाठ इतका, मोबाइलपाठ इतका. जो जास्त असेल तो मुलाला कळवतो. इथे म्हाइंभटांचा आणि माझा मार्ग वेगळा होतो.

2024 साली मराठी भाषा विद्यापीठ आमच्या गावात सुरू झालं, तेव्हापासून सकाळी रस्त्यावर वह्या घेतलेली पोरंपोरीही दिसतात. त्यातल्या एकीला बोलीचा अभ्यास करायचा होता. तिनं मला थांबवलं, मोबाइल तोंडासमोर धरला आणि म्हणाली, "काका, तुमच्या वऱ्हाडीत बोला ना काही तरी." मी नुकताच चढ चढून आलो होतो. तिला जवळजवळ मिनिटभर माझ्या श्वासाचं ध्वनिमुद्रण मिळालं. त्याचं पुढे काय झालं ठाऊक नाही, पण कुठल्या तरी प्रबंधाच्या परिशिष्टात तो ध्वनी वऱ्हाडीचं वैशिष्ट्य म्हणून गेला नसला म्हणजे मिळवली.

म्हाताऱ्या धावणाऱ्याचं शरीरशास्त्र थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच आटोपलेलं असतं. तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरायची ताकद दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के घटते. कसून सराव करणाऱ्याची जरा सावकाश घटते. हृदयाचे जास्तीत जास्त ठोके काढायचं ढोबळ गणित म्हणजे 220 उणे वय. या सूत्रानं माझ्या हृदयाला जेवढे ठोके परवडतात, तेवढे मंडळींनी बुटांची पावती बघितली तेव्हाच खर्च झाले होते. तरुण पोरगा रविवारी धावून सोमवारी पुन्हा धावतो. मला रविवारची धाव बुधवारपर्यंत जिन्यात भेटत राहते. मॅरेथॉनमध्ये तिसाव्या किलोमीटरच्या पुढे स्नायूंतला साखरेचा साठा संपत येतो, पाय जड होतात आणि डोकं उलटं बोलायला लागतं. धावणारे याला भिंत म्हणतात. आदल्या दिवशी भात, पोळ्या, बटाटे पोटभर खाऊन हा साठा वाढवायचा असतो. शास्त्र परकं असलं तरी आमच्याकडे रोडग्याची पंगत होतेच. तूप सोडलेले चार रोडगे आणि वांग्याची भाजी खाल्ली की साठा कुठे ठेवायचा एवढाच प्रश्न उरतो.

मुंबईची मॅरेथॉन 2004 साली सुरू झाली आणि बहुधा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. पूर्ण धाव पहाटेच्या अंधारात सुटते आणि परतीच्या वाटेवर, नेमकी भिंत लागून गेल्यावर, पेडर रोडचा चढ येतो. मी तो चढ चढत होतो. चढत होतो म्हणजे चढ खाली सरकत नव्हता एवढंच. फुटपाथवर मुंबईकर मंडळी चिक्की, बिस्किटं, मिठाच्या पुड्या वाटत उभी होती. त्यात एक प्रेमळ बाई संत्र्याच्या फोडी घेऊन, "कम ऑन अंकल, नागपूर ऑरेंज आहे, गोड आहे!" असं ओरडत होत्या. आता हा विषय आमच्याकडे फार जुना आणि आंबट आहे. वरूड-मोर्शीच्या बागांतला संत्रा आम्ही पिकवायचा, मृगाचा बहार धरायला मे महिन्यात झाडाला ताण द्यायचा, मग पाऊस वेळेवर येतो की नाही म्हणून आभाळाकडे बघत बसायचं, डिंक्या रोगाला बोर्डो मलम लावायचं, आणि पेटीवर नाव नागपूरचं. घरी असतो तर मी थांबून त्या बाईंना पूर्ण इतिहास सांगितला असता. पण त्या ठिकाणी माझ्याकडे जेमतेम एका शब्दाचा श्वास होता. "मोर्शी," मी म्हणालो. बाईंना वाटलं, मी आभार मानले. त्यांनी आणखी दोन फोडी दिल्या. फोड चांगली होती, बहार ओळखता आला नाही.

बेचाळीस किलोमीटरपुढचे एकशे पंच्याण्णव मीटर कुठून आले, हेही त्या चढावर आठवतं. 1908च्या लंडन ऑलिंपिकमध्ये धाव विंडसरच्या राजवाड्यापासून सुटून स्टेडियममध्ये राजघराण्याच्या बैठकीसमोर संपवायची होती. ते अंतर भरलं 42.195 किलोमीटर, आणि 1921 साली तेच कायमचं ठरलं. इंग्रज गेला, संस्थानं गेली, तनखे बंद झाले. हे एकशे पंच्याण्णव मीटर मात्र अजून आमच्याकडून वसूल होतात. शेवटच्या वळणावर मी त्या आयोजकांना वऱ्हाडीतून जे बोललो ते विद्यापीठाच्या मुलीनं टिपायला हवं होतं. श्वास नसूनही उच्चार फार स्वच्छ आले होते.

धावतानाच्या फोटोंबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. प्रत्येक शर्यतीत फोटोवाले असतात. नंतर आपला नंबर टाकला की आपले फोटो दिसतात. चालणं आणि धावणं यांत शास्त्रानं एकच फरक केलाय: धावताना क्षणभर दोन्ही पाय जमिनीवरून सुटलेले असतात. तरुणांच्या फोटोत तो क्षण असतो. माझे आजवरचे सगळे फोटो मी भिंग घेऊन तपासले, प्रत्येकात एक तरी पाय भक्कमपणे वऱ्हाडच्या भूमीवर आहे, एकात तर दोन्ही आहेत आणि मी बिस्किटाचा पुडा फोडतोय. मुलगा म्हणतो, फोटोवाल्याचं टायमिंग चुकलं. मुलगा गुणी आहे.

अमरावतीच्या शर्यतींत मला जास्त आवडतं. या शहराला अंग कमावायची परंपरा आहे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचं, वैद्य बंधूंनी काढलेलं, आणि त्यांची पोरं 1936 साली बर्लिनच्या ऑलिंपिकमध्ये जाऊन कबड्डी आणि देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आली. अशा गावात पहाटे पाचला लाउडस्पीकरवर झुंबा लावून आम्हाला 'वॉर्मअप' करवतात. व्यासपीठावरची पोरगी डावीकडे वळते, तरुण डावीकडे वळतात, आणि मागच्या रांगेत आम्ही ज्येष्ठ आधी चष्मा सांभाळतो, मग वळतो, तोवर तरुण परत आलेले असतात. छातीवर नंबर लावायच्या सेफ्टी पिना लांबचा चष्मा लावला तर दिसत नाहीत आणि जवळचा लावला तर शर्यत दिसत नाही. शेवटी कुणी तरी नातवाच्या वयाचा स्पर्धक पिना लावून देतो आणि "आजोबा, सावकाश या हं" म्हणतो. तो सल्ला मी नेहमी तंतोतंत पाळतो. शौचालयांपुढच्या रांगेत आमच्या वयाचीच माणसं जास्त, आणि तिथे वेळापत्रकापेक्षा प्रोस्टेटची चर्चा जास्त.

प्रत्येकाला पदक मिळतं आणि एक टी-शर्ट मिळतो. सुती नसलेला, घाम न टिपणारा, पाठीवर बारा जाहिराती असलेला. आमच्या कपाटात ते इतके साठले की मंडळींनी वाटप सुरू केलं. परवा बागेत फवारणी करणारा गडी 'मी जिद्दीनं पूर्ण केलं' असं पाठीवर लिहिलेला टी-शर्ट घालून फिरत होता. पंपाची टाकी अर्धी भरलेली, आणि तो झाडाखाली झोपला होता.

आता मुख्य मुद्दा, वयोगट. म्हातारपणी धावण्यात एकच खरं सुख आहे: जगात सगळीकडे वय वाढलं की माणूस मागे पडतो, शर्यतीत मात्र नवा वयोगट लागला की तो एका रात्रीत गटातला सगळ्यात तरुण होतो. पंचेचाळीस ते एकोणसाठच्या गटात मी शेवटून मोजायचा माणूस होतो. साठी लागली आणि सकाळी उठून बघतो तर मी पोरगा! सत्तरी-पंचाहत्तरीच्या मंडळींत माझ्या गुडघ्याची चर्चा 'नवा आहे' अशी होऊ लागली. धावणारे म्हातारे वाढदिवसाची जितकी वाट बघतात तितकी नर्सरीतलं पोरगंही बघत नसेल.

कॅनडातले एड व्हिटलॉक या सुखाचे महामेरू. 2003 साली, वयाच्या 72व्या वर्षी ते मॅरेथॉन तीन तासांच्या आत धावले, सत्तरीच्या पुढचा जगातला पहिला माणूस. पुढच्या वर्षी आणखी चार मिनिटं कमी केली: 2 तास 54 मिनिटं 48 सेकंद. आणि सराव कुठे करायचे? घराजवळच्या दफनभूमीत, गोल गोल, तासनतास. हे मी गावात सांगितलं तर एकानं हात जोडून विनवलं, "गुरुजी, तुमी त्या रस्त्यानं नका जाऊ. लोक म्हनतीन, आपल्याच पायानं चालले."

आणि फौजा सिंग. पंजाबातले, विलायतेत स्थायिक झालेले. ऐंशी उलटल्यावर धावायला लागले, 89व्या वर्षी लंडनची मॅरेथॉन धावले, आणि 2011 साली टोरांटोला शंभरीचा माणूस मॅरेथॉन पूर्ण करताना जगानं पाहिला. वेळ आठ तासांच्या वर. पासपोर्टवर जन्म 1 एप्रिल 1911. पण विक्रमांच्या पुस्तकवाल्यांनी नोंद घेतली नाही, कारण जन्माच्या वेळचा दाखला नव्हता. 1911 साली पंजाबच्या खेड्यात दाखला! आमच्याकडे त्यानंतर कितीतरी वर्षांनीही पोराला शाळेत घालायला आई आली की गुरुजी पोराचा हात डोक्यावरून घेऊन दुसरा कान पकडायला लावायचे, कान हाताला लागला की 1 जून अशी तारीख टाकायचे. माझ्या पिढीतला निम्मा वऱ्हाड 1 जूनला जन्मलेला आहे. माझी आई सांगायची, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. तरी मी 1 जूनचा. अमरावतीच्या शर्यतीत ज्येष्ठांच्या रांगेत आधार कार्डं तपासणारी पोरगी एकदा वैतागून म्हणाली, "तुमचा सगळ्यांचा बड्डे एकाच दिवशी कसा?" मागून आवाज आला, "आमचे गुरुजी एकच होते, बाई." म्हणजे आमच्या वयोगटांतली पदकं पायांनी ठरत नाहीत. कुठल्या तरी कैलासवासी शिक्षकानं उन्हाळ्यात घाईघाईनं टाकलेल्या तारखेनं ठरतात.

हे सगळं एवढ्या तपशिलात लिहायचं कारण, मागच्या महिन्यात रस्त्यावर एक नवा माणूस दिसायला लागलाय. गावातलेच निवृत्त तलाठी. निळे बूट, माझ्यापेक्षा महाग. पाय लांब, चाल हलकी, पोट नाही. काही दिवस ते माझ्या मागून येऊन पुढे गेले, नुसतं "रामराम" म्हणून. मग एक दिवस वेग कमी करून शेजारी आले.

"गुरुजी, तुमी कोन्या गटात असता?"

"साठीच्या वरच्या."

"मी कागदावर एकोणसाठचा. पन माही माय म्हने, तू मोठ्या दुष्कायाच्या आंदीचा. म्हंजे मी तुमच्याच बरोबरीचा."

"असान."

"दाखल्यावरची तारीख बदलता येते काय, गुरुजी? तुमाले शायेचे नियम माहीत."

नोकरीत असताना जन्मतारीख बदलायला लोक येतच असत. निवृत्ती लांबावी म्हणून दोन वर्षं कमी करा, भरतीसाठी तीन वर्षं कमी करा. वाढवून मागणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. 65 झाले की एसटीत अर्धं तिकीट मिळतं, त्यासाठीसुद्धा कुणी असा आला नव्हता.

"साठीच्या वर कितीजन असता तुमी अमरावतीले?" त्यांनी विचारलं.

"तिघं," मी म्हणालो.

"अन् नंबर किती देतात?"

"तीन."

ते विचार करत चार पावलं धावले. मग मी थांबलो, दम घेतला आणि त्यांना रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली बसवून नीट समजावून सांगितलं. शाळा सोडल्यावर दाखल्यातली जन्मतारीख सहजासहजी बदलत नाही. पुरावे लागतात. जुनं प्रवेश रजिस्टर लागतं, आणि तेवढ्या जुन्या रजिस्टरांना वाळवी लागलेली असते. प्रतिज्ञापत्र, अर्ज, शिक्षणाधिकारी, हेलपाटे. मग आधार, मग पॅन, मग पेन्शनची कागदपत्रं, आणि पेन्शनच्या कागदाला हात लावला तर चौकशी. तलाठी माणूस, हे सगळं त्यांनीच जन्मभर लोकांना सांगितलेलं, तरी ते मान डोलावत ऐकत राहिले. इतक्या तळमळीनं मी शासनाचा एकही नियम नोकरीत असताना कुणाला समजावला नव्हता.